व्हेंट हेवन संग्रहालय

अमेरिकेच्या केंटकी राज्यातील फोर्ट मिचेल या गावी असलेले, शब्दभ्रमकला (ओठ न हलवता बोलून आवाज बाहुल्याच्या तोंडून येतो असे भासवण्याची कला) आणि तिच्यातील बोलके बाहुले यांना वाहिलेले संग्रहालय. ओहायो नदीपलीकडच्या सिनसिनाटी शहरापासून ते जवळच आहे. केवळ या एका कलेसाठी उभारलेले जगातील एकमेव संग्रहालय अशी त्याची ओळख असून त्यातील बाहुल्यांची संख्या आता हजाराच्या घरात गेली आहे.

संग्रहाचे जनक विल्यम शेक्सपिअर बर्जर हे व्यवसायाने शब्दभ्रमकार नव्हते. फरशा बनवणाऱ्या केंब्रिज टाइल कंपनीत कनिष्ठ पदावरून चढत ते अध्यक्षपदापर्यंत पोहोचले. १९१० मध्ये न्यूयॉर्कला गेले असता त्यांनी ‘टॉमी बलोनी’ नावाचा बाहुला विकत घेतला आणि पुढे हा छंद इतका वाढला की घरात जागा पुरेना, म्हणून १९४७ मध्ये त्यांनी गॅरेजचे दालनात रूपांतर केले आणि १९६२ मध्ये आणखी एक इमारत बांधली. शब्दभ्रमकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे ते अनेक वर्षे अध्यक्ष होते. देशोदेशीच्या कलावंतांशी त्यांचा अखंड पत्रव्यवहार चाले. त्यातून जमलेली पत्रे, छायाचित्रे आणि जाहिरातपत्रके हा संग्रहाचा मोलाचा भाग आहे. किंबहुना अभ्यासकाच्या दृष्टीने तो बाहुल्यांहूनही मोलाचा म्हणावा लागेल, कारण बाहुला पाहून त्याची घडण कळते, पण तो कोणाच्या हाती, कोणत्या रंगमंचावर आणि कशा प्रकारच्या प्रेक्षकांपुढे बोलत होता हे कागदपत्रांवाचून कळत नाही. १९७२ मध्ये बर्जर यांचे निधन झाले आणि त्यांनी करून ठेवलेल्या व्यवस्थेनुसार १९७३ मध्ये संग्रहालय लोकांसाठी खुले झाले.

येथील बाहुल्यांवरून या कलेतील यंत्ररचनेचा विकास चांगला समजतो. नेहमीच्या बाहुल्याचे डोके लाकडात कोरलेले किंवा कागदाच्या लगद्याचे असते आणि ते एका दांड्यावर बसवून पोकळ धडात सोडलेले असते. कलावंत पाठीमागच्या फटीतून हात घालून दांडा फिरवतो आणि त्यावरच्या कळा बोटांनी ओढून खालचा जबडा, डोळे, भुवया हलवतो. १९३० च्या दशकात नावारूपाला आलेल्या मॅकलरॉय बंधूंनी एकाच डोक्यात अशा अनेक हालचाली बसवल्या. शिकागोचे फ्रँक मार्शल यांची कोरणीही जाणकारांत नावाजलेली आहे. मात्र यंत्र कितीही कुशल असले, तरी भ्रमाचे खरे कारण प्रेक्षकाच्या मेंदूत असते : आवाज नेमका कोठून येतो हे कानाला अचूक ठरवता येत नाही, त्यामुळे डोळ्यांना जे तोंड हलताना दिसते त्यालाच तो चिकटवला जातो. कलावंताची कसोटी लागते ती प, ब, म या ओष्ठ्य वर्णांच्या उच्चारात. ओठ न मिटता, जिभेच्या साहाय्याने त्यांच्या जवळपासचे ध्वनी काढून त्याला वेळ निभावून न्यावी लागते.

अमेरिकन शब्दभ्रमकार एडगर बर्गन यांच्या चार्ली मॅकार्थी या जगप्रसिद्ध बाहुल्याची येथे प्रतिकृती आहे. मूळ बाहुला वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आहे. ही जोडी घराघरांत पोहोचली ती मुख्यतः रेडिओमुळे. ओठ हलतात की नाही हे ज्या माध्यमात कोणालाच दिसत नाही, तेथे शब्दभ्रमकार लोकप्रिय व्हावा ही गंमतच आहे. बाहुल्याचे फटकळ व्यक्तिमत्त्व हेच त्या यशाचे खरे कारण होते. मराठी प्रेक्षकांना हे पटायला जड जाऊ नये, कारण य. के. पाध्ये आणि त्यांचे पुत्र रामदास पाध्ये यांच्या हाती बोललेला अर्धवटराव लोकांच्या लक्षात राहिला तो त्याच्या स्वभावामुळेच. फरक एवढाच, की अर्धवटराव घराण्यातच पुढच्या पिढीकडे गेला आणि बोलता राहिला.

व्हेंट हेवनमधील बाहुले मात्र मुके आहेत. त्यांतील बरेचसे दिवंगत वा निवृत्त कलावंतांचे असून एका दालनात ते वर्गातील मुलांसारखे ओळीने, पाहुण्यांकडे तोंड करून बसवलेले असत. काहींना ही मांडणी भीतिदायक वाटते. बाहुल्यांविषयीची ही भीती भयपटांनी वाढवली आहे हे खरे, पण माणसासारखा चेहरा, उघडे डोळे आणि निश्चल देह एकत्र आल्यावर अस्वस्थ वाटण्यासाठी चित्रपटाची गरज नसते.

१९७५ पासून संग्रहालयाशी निगडित असे शब्दभ्रमकारांचे वार्षिक संमेलन या परिसरात भरते. त्यात नामवंत व्यावसायिकांबरोबर नवशिकेही भाग घेतात. जुन्या इमारती अपुऱ्या पडू लागल्याने संग्रहासाठी नवी वास्तू बांधण्यात आली व ती २०२३ मध्ये खुली झाली.