ग्रीन टीने कर्करोग टळतो का?

‘रोज ग्रीन टी प्या, कर्करोग जवळ येणार नाही,’ हा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्याला आधार अजिबात नाही असं नाही, पण तो अर्धाच आहे. ग्रीन टीमधलं ईजीसीजी हे द्रव्य प्रयोगशाळेतल्या बशीत कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखतं. मात्र तिथे वापरलेलं प्रमाण चहा पिऊन रक्तात पोचणाऱ्या प्रमाणाच्या बहुधा कितीतरी पट असतं. प्यायलेल्यापैकी फार थोडं रक्तात उतरतं. माणसांवरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. शिवाय ग्रीन टी पिणाऱ्यांच्या धूम्रपान, व्यायाम अशा इतर सवयीही वेगळ्या असू शकतात. मग श्रेय नेमकं कशाचं?

दावा तपासताना एवढं पाहा: प्रयोग पेशींवर, उंदरांवर की माणसांवर? माणसांवर असेल, तर चिठ्ठ्या टाकून गट पाडले होते का, म्हणजे इतर सवयींचा फरक सगळ्या गटांत सारखाच विभागला जाईल?

दोन-तीन कप खुशाल प्या, पण वाफाळता नको. ६५ अंशांहून गरम पेयांमुळे अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका बहुधा वाढतो. अर्काच्या गोळ्यांबाबत जास्त जपा: दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजीने यकृताला इजा होऊ शकते. कर्करोगावर उपचार चालू असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा. बोर्टेझोमिब या औषधाचा परिणाम ईजीसीजीमुळे कमी होऊ शकतो.