एसीतला गॅस : दरवर्षी भरण्याची सवय कुठून आली

घरगुती एसीत दर उन्हाळ्यात गॅस भरून घ्यावा लागतो, असे अनेक घरांत धरूनच चाललेले असते. वास्तविक हा गॅस खर्च होत नाही. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कॅपिलरी आणि कूलिंग कॉइल यांच्या बंद नळ्यांतून तोच गॅस वर्षानुवर्षे फिरत राहतो. तो कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे. तरीही ही सवय का रुजली, हे समजण्यासाठी गॅसचाच इतिहास पाहावा लागतो.

१९२०च्या दशकातील शीतयंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड आणि मिथाइल क्लोराइड वापरले जात. सल्फर डायऑक्साइड गळला, तर त्याच्या उग्र वासाने घरात थांबवत नसे आणि अमोनियात भिजवलेला बोळा सांध्याजवळ नेताच पांढरा धूर दिसून गळतीची जागा कळे. मिथाइल क्लोराइडचा वास मात्र सौम्य होता, आणि त्याच्या गळतीने अमेरिकेत घरांमध्ये माणसे दगावली. या पार्श्वभूमीवर १९२८ साली थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन) वर्गातील बिनविषारी, न पेटणारा वायू शोधला. १९३० साली मिजली यांनी तो जाहीरपणे श्वासात घेतला आणि त्याच श्वासाने मेणबत्ती विझवून दाखवली.

पुढे घरगुती एसींत स्थिरावलेला आर-२२ हा त्याच कुळाचा, एचसीएफसी (हायड्रोक्लोरोफ्लुरोकार्बन) वर्गातील वायू. त्याला उग्र वास नाही, त्यामुळे गळती जाणवत नसे. ती शोधण्यासाठी हॅलाइड टॉर्च वापरत. गळणाऱ्या सांध्याजवळ तिची ज्योत गॅसमधील क्लोरीनमुळे हिरवी होई. माझ्या मते दरवर्षी गॅस भरण्याच्या सवयीचे मूळ आर-२२च्या सोशिकपणात आहे. तो एकच संयुग असल्याने निम्मा गळला तरी उरलेल्याचे घटक बदलत नाहीत, आणि त्याच्यासोबतचे खनिज तेल हवेतील ओलावा फारसा शोषत नाही. त्यामुळे मेकॅनिकने गेज लावावे, सक्शनचे, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचे प्रेशर ६०-७० पीएसआयपर्यंत (पीएसआय हे दाबाचे एकक) आणावे, जाड पाइपला घाम आलेला पाहावा आणि क्लॅम्प मीटरवर अँपिअर तपासून निघावे, एवढ्यावर काम भागत असे. गळती तशीच राही आणि पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणे येई.

हवेत गेलेल्या या वायूंचे काय होते, हे १९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी सांगितले : सीएफसीतील क्लोरीन ओझोनचा थर नष्ट करतो. १९८५ साली अंटार्क्टिकावरील ओझोनच्या छिद्राचा शोध प्रसिद्ध झाला, १९८७ साली ओझोनला घातक वायूंचा वापर आटोक्यात आणणारा माँट्रियल करार झाला आणि १९९२ साली भारत त्यात सामील झाला. सीएफसीच्या तुलनेत आर-२२ ओझोनला बराच कमी घातक असल्यामुळे त्याला अधिक मुदत मिळाली, इतकेच.

त्याच्या जागी आलेल्या आर-४१०ए आणि आर-३२ मध्ये क्लोरीन नाही. साहजिकच टॉर्चची ज्योत त्यांच्यापुढे हिरवी होत नाही. त्यांचे सक्शन प्रेशर साधारण ११५ ते १४० पीएसआय, म्हणजे आर-२२च्या सुमारे दुप्पट असते. आर-४१०ए हे दोन वायूंचे मिश्रण असल्याने तो सिलिंडरमधून द्रवरूपातच घ्यावा लागतो. या वायूंसोबतचे सिंथेटिक तेल ओलावा झपाट्याने शोषते, म्हणून नळ्यांतील हवा आणि ओलावा खेचून काढणारा व्हॅक्यूम पंप लावणे टाळता येत नाही. आर-३२ थोडा ज्वलनशील आहे. आणि गोदरेजने २०१२ साली ज्या आर-२९०वर एसी आणले, तो तर प्रोपेनच, म्हणजे सहज पेटणारा.

आर-४१०एचा तापमानवाढीवरील परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २०८८ पट, तर आर-३२चा ६७५ पट मानला जातो. माँट्रियल करारातील २०१६च्या किगाली दुरुस्तीने याच एचएफसी (क्लोरीन नसलेल्या हायड्रोफ्लुरोकार्बन) वायूंवर मर्यादा आणली आणि भारताने ती २०२१ साली मान्य केली.

त्यामुळे आज आउटडोअर युनिटवरील पट्टीकडे पाहणे महत्त्वाचे ठरते, कारण कोणता गॅस, किती वजनाचा, हे तिथे लिहिलेले असते. गळती शोधून दुरुस्त करायची, नायट्रोजनच्या दाबाखाली सांधे साबणाच्या पाण्याने तपासायचे, व्हॅक्यूम करायचा आणि मग सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून तेवढाच गॅस सोडायचा, हा आजचा रीतसर क्रम आहे. स्प्लिट एसीचा पाइप कंपनीने गृहीत धरलेल्या लांबीपेक्षा जास्त असेल, तर प्रत्येक वाढीव मीटरमागे किती ग्रॅम घालायचे, हेही तिच्या माहितीपत्रकात दिलेले असते.