हिऱ्याची प्रतवारी: अंगठीच्या निवडीमागची पार्श्वभूमी

साखरपुड्याच्या अंगठीसाठी हिरा पाहताना सराफाच्या दुकानात वजन, रंग, शुद्धता (आतले डाग-रेषा किती कमी ते) आणि कट (पैलूंची घडण) हे जे चार निकष पुढे केले जातात, ते हिऱ्याच्या इतिहासाच्या मानाने फार अलीकडचे आहेत. रत्नपरीक्षेच्या संस्कृत ग्रंथांत काकपद, बिंदू, रेखा असे दोष सांगितलेले आहेत आणि ब्राझीलमध्ये 1720 च्या दशकात खाणी सापडेपर्यंत जगाला हिरा जवळजवळ केवळ भारतातूनच मिळत असे. हिऱ्यासोबत मिळणाऱ्या आजच्या प्रतवारीच्या प्रमाणपत्राची वंशावळ मात्र त्या परंपरेपर्यंत पोहोचत नाही. ती दक्षिण आफ्रिकेत सुरू होते. तेथे 1867 नंतर हिरे इतक्या प्रमाणात निघू लागले की, त्यांच्या दुर्मीळतेची समजूत टिकवणे हाच व्यापारापुढचा मुख्य प्रश्न झाला. त्यासाठी एका बड्या कंपनीने एकीकडे पुरवठा आपल्या मुठीत ठेवला आणि दुसरीकडे 1938 पासून अमेरिकेतील एका जाहिरात संस्थेकरवी वाङ्‌निश्चयाची अंगठी म्हणजे हिऱ्याचीच अंगठी, हे समीकरण रुजवले. अंगठीवर दोन महिन्यांचा पगार खर्च करावा, हा तथाकथित रिवाजही 1980 च्या दशकातील जाहिरातींनीच पसरवला. मराठी घरांत हिरा घेण्यापूर्वी तो लाभेल की नाही, हे ज्योतिषाला विचारण्याची पद्धत होती. खर्चाचे असे गणित आपल्याकडे नंतर आले.

प्रतवारीची गोष्ट 1950 च्या दशकातली आहे. तोपर्यंत व्यापारी रंगासाठी ए, बी, सी किंवा डबल ए अशी अक्षरे आपापल्या मर्जीने वापरत, अथवा ‘रिव्हर’, ‘वेसल्टन’, ‘केप’ अशी खाणींशी जोडलेली नावे घेत. कॅलिफोर्नियातील एका ना-नफा संस्थेने रंगाची नवी श्रेणी आखताना सर्वांत रंगहीन हिऱ्यासाठी डी या अक्षरापासून सुरुवात केली, ती त्या जुन्या गोंधळाचा स्पर्श नको म्हणून. पुढची अक्षरे वाढत्या पिवळसर छटेची. रंग पाहताना हिरा उलटा ठेवून नमुन्याच्या खड्यांशी ताडला जातो आणि शुद्धता दहापट भिंगाखाली ठरवली जाते. म्हणजे अंगठी बोटात असताना हिरा जसा दिसतो, तसा या परीक्षेत तो कोणी पाहतच नाही. या मोजपट्टीने प्रामुख्याने मोजली जाते ती दुर्मीळता. सौंदर्य त्यात ओघाने येते. वजनाबाबतही तोच प्रकार आहे. 98 सेंटचा (सेंट म्हणजे कॅरटचा शंभरावा भाग) हिरा आणि पूर्ण एक कॅरटचा हिरा यांत डोळ्यांना फरक कळत नाही, तरी कॅरटची रेषा ओलांडताच दर कॅरटमागे भाव उडी घेतो.

ज्या एका गोष्टीवर हिऱ्याची झळाळी खरोखर अवलंबून असते, ती म्हणजे कट, आणि तिला सर्वांत उशिरा स्थान मिळाले. गोल ब्रिलियंट हिऱ्याच्या कोनांचे गणित 1919 मध्येच प्रसिद्ध झाले होते. त्या संस्थेच्या अहवालावर, म्हणजे प्रमाणपत्रावर, कटची श्रेणी छापली जाऊ लागली ती 2006 पासून, आणि तीही केवळ गोल हिऱ्यांसाठी. जगातील बहुतेक हिऱ्यांना सुरतेत पैलू पडतात, हे लक्षात घेता कारागिराच्या कामाची दखल घ्यायला लागलेला हा अर्धशतकाचा विलंब खटकतो.

या पट्टीला खरा धक्का बसला तो प्रयोगशाळेत घडवलेल्या हिऱ्यांमुळे. असा हिरा अमेरिकेत डिसेंबर 1954 मध्ये प्रथम तयार झाला आणि दागिन्यात बसवण्याजोगा खडा 1970 मध्ये. बाजार ढवळून निघाला तो मात्र गेल्या दहा वर्षांत. अमेरिकेच्या व्यापार नियामकाने 2018 मध्ये हिऱ्याच्या व्याख्येतून ‘नैसर्गिक’ हा शब्द वगळला. त्याच वर्षी पुरवठा मुठीत ठेवणाऱ्या त्या जुन्या कंपनीने स्वतःच कॅरटला 800 डॉलर दराने असे हिरे विकायला काढले. 2025 मध्ये तिने हा उद्योग बंद करण्याचे जाहीर केले. आपल्या केंद्र सरकारने 2023 च्या अर्थसंकल्पात हे हिरे वाढवण्यासाठी लागणाऱ्या ‘सीड’वरील (बीज-स्फटिकावरील) सीमाशुल्क काढून टाकले.

प्रतवारी करणाऱ्या त्या कॅलिफोर्नियातील संस्थेची भूमिका या काळात अनेकदा बदलली. तिने 2007 मध्ये या हिऱ्यांना ढोबळ वर्णन देणे सुरू केले, 2019 मध्ये अहवालातून ‘सिंथेटिक’ हा शब्द काढला आणि 2020 मध्ये खाणीतील हिऱ्यांप्रमाणेच रंग व शुद्धतेची पूर्ण श्रेणी देऊ केली. जून 2025 मध्ये ही श्रेणी मागे घेत असल्याची घोषणा झाली आणि ऑक्टोबरपासून ‘प्रीमियम’ व ‘स्टँडर्ड’ असे दोनच दर्जे उरले. बाजारात येणारे 95 टक्क्यांहून अधिक प्रयोगशाळानिर्मित हिरे रंग व शुद्धतेच्या अगदी अरुंद पट्ट्यात बसतात, म्हणून नैसर्गिक हिऱ्यांसाठी केलेली परिभाषा त्यांना लावणे गैरलागू आहे, असे कारण देण्यात आले. पट्टी दुर्मीळतेची असेल, तर हा युक्तिवाद सुसंगत आहे, हे मान्य करावे लागेल. तथापि ग्राहकाला सत्तर वर्षे जे सांगितले गेले ते वेगळे होते: डी म्हणजे उत्तम रंग. नव्या रचनेत रंग डी असेल तरच ‘प्रीमियम’ मिळते आणि ई पासून जे पर्यंतचे रंग एकाच ‘स्टँडर्ड’ खाली येतात. ई आणि जे हे दोन खडे शेजारी ठेवले तर साध्या डोळ्यांनाही त्यांतील पिवळसर छटेचा फरक कळू शकतो. ज्या माहितीचा अंगठी घेणाऱ्याला प्रत्यक्ष उपयोग होता, तीच येथे कमी झाली आणि खाणीच्या हिऱ्याचे वेगळेपण तेवढे अधोरेखित झाले. मुंबईच्या शेअर बाजारात नोंदणी असलेल्या दुसऱ्या एका मोठ्या प्रमाणन संस्थेने जुनीच पूर्ण श्रेणी चालू ठेवली, त्यामुळे प्रयोगशाळेतील एकाच प्रतीच्या दोन हिऱ्यांना आज दोन निरनिराळ्या भाषांतील प्रमाणपत्रे मिळू शकतात. साध्या हिरा-परीक्षक यंत्राने नैसर्गिक आणि घडवलेला हिरा वेगळा ओळखता येत नाही, म्हणून खरेदीच्या वेळी अहवाल कोणत्या संस्थेचा आहे आणि हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला क्रमांक त्याच्याशी जुळतो का, हे रंग आणि शुद्धतेच्याही आधी पाहावे लागते.