पडलेला सिनेमा पहिल्या नंबरावर कसा गेला

अमेरिकी भयपटांचा दिग्दर्शक जॉन कार्पेंटर याचे सिनेमे आवडीच्या क्रमानं लावायला बसलं की भांडण पहिल्या दोन जागांवरच जुंपतं. 'हॅलोविन' वर की 'द थिंग' वर? १९८२ साली कुणी हा प्रश्न काढला असता तर त्याला वेड्यात काढलं असतं. कारण त्या वर्षी 'द थिंग' आपटला होता, आणि नुसता आपटला नव्हता, समीक्षकांनी त्याला अक्षरशः धुऊन काढलं होतं. ही उलथापालथ कशी झाली ते समजल्याशिवाय त्याच्या सिनेमांच्या कुठल्याच यादीला अर्थ नाही.

कार्पेंटरचा जन्म १९४८चा. वाढला केंटकीतल्या बोलिंग ग्रीन या गावात. वडील तिथल्या विद्यापीठात संगीत शिकवायचे. पोरानं पुढं आपल्या बहुतेक सिनेमांचं संगीत स्वतःच केलं, त्याचं मूळ या घरात आहे. सिनेमा शिकायला तो लॉस एंजेलिसला गेला आणि विद्यार्थिदशेतली एक विनोदी अंतराळ-फिल्म ताणून ताणून १९७४ साली 'डार्क स्टार' नावानं थिएटरात आणली. खर्च साधारण ६०,००० डॉलर. त्यातला परग्रहवासी म्हणजे चक्क समुद्रकिनाऱ्यावर खेळायचा मोठा चेंडू, खाली पंजे लावलेला. लोकांना फारसं हसू आलं नाही. सहलेखक डॅन ओबॅननचा हिशेब सरळ होता: हसत नाहीत ना, मग घाबरवू. त्यातूनच पुढं त्यानं 'एलियन' हा भयपट लिहिला.

'असॉल्ट ऑन प्रिसिंक्ट १३' (१९७६) अमेरिकेत कुणी फारसा विचारला नाही. १९७७च्या लंडन महोत्सवात मात्र तो गाजला. घरी किंमत नाही आणि परगावी मान, हा प्रकार इथून सुरू झाला. फ्रान्समध्ये मला कलावंत समजतात आणि अमेरिकेत भणंग, अशा अर्थाचं त्याचं बोलणं नेहमी सांगितलं जातं, ते उगाच नाही.

मग १९७८ साली 'हॅलोविन' आला. खर्च तीन लाख डॉलरच्या आसपास, अमेरिकेतली कमाई सुमारे ४ कोटी ७० लाख. या सिनेमाची काटकसर बघण्यासारखी आहे. गोष्ट ऑक्टोबर महिन्यातली, पण चित्रीकरण कॅलिफोर्नियात, वसंतात. म्हणजे झाडं हिरवीगार. मग पानगळीची पानं रंगवून घ्यायची, रस्त्यावर पसरायची, शॉट झाला की गोळा करून पोत्यात भरायची आणि पुढच्या शॉटला परत पसरायची. खुन्याचा तो निर्विकार पांढरा चेहरा म्हणजे 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा दुकानात मिळणारा स्वस्त मुखवटा. डोळ्यांची भोकं मोठी केली, वर पांढरा रंग मारला, झालं काम. सहलेखिका आणि निर्माती डेब्रा हिल हिचं नाव अशा याद्यांत फार कमी येतं. सिनेमातल्या पोरींचे आपसातले संवाद तिचे आहेत, आणि ते खरे वाटतात म्हणूनच पुढची भीती खरी वाटते.

संगीताबद्दल थोडं थांबून सांगतो. 'हॅलोविन'च्या धुनेचा पाच मात्रांचा ठेका कार्पेंटरला लहानपणी वडिलांनी बाँगोवर शिकवला होता. निम्म्या मात्रा धरून मोजलं तर दहा होतात, पण आपल्या झपतालासारख्या दोन-तीन-दोन-तीन अशा पडत नाहीत; तीन-तीन-दोन-दोन अशा पडतात. आधी ऐसपैस, मग एकदम घाई. कान जरा स्थिरावतोय म्हणेपर्यंत पाय खेचला जातो. पियानोवर तेच ते दोन-चार स्वर, आणि तेवढ्यावर सबंध सिनेमा उभा.

या यशानं दारं उघडली. 'द फॉग' (१९८०) आणि 'एस्केप फ्रॉम न्यूयॉर्क' (१९८१) आले. दुसऱ्यात सगळा मॅनहटन तुरुंग झालेला, आणि चित्रीकरण बरंचसं सेंट लुईस शहरात, कारण तिथला एक भाग आगीनंतर आयताच उजाड पडला होता. डीन कंडी हा कॅमेरामन 'हॅलोविन'पासून त्याच्यासोबत होता. या दोघांची रुंद चौकट जुन्या चौकोनी टीव्हीवर दोन्ही बाजूंनी कापली जायची, आणि नेमकी भीती कडेलाच उभी असायची. हा मुद्दा लक्षात ठेवा.

'हॅलोविन'मध्ये पोरं टीव्हीवर १९५१चा 'द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड' बघत बसलेली दिसतात. चार वर्षांनी त्याच कथेवर, म्हणजे जॉन कॅम्पबेलच्या १९३८च्या दीर्घकथेवर, कार्पेंटरला मोठ्या स्टुडिओचे दीड कोटी डॉलर मिळाले. अंटार्क्टिकावरचं एक तळ, बारा पुरुष, आणि कुणाचंही हुबेहूब रूप घेऊ शकणारं काहीतरी. रॉब बोटिन हा जेमतेम विशीतला पोरगा ती रूपं रबर, जेली आणि तारांनी बनवत होता. काम संपेपर्यंत थकून त्याला रुग्णालयात भरती व्हावं लागलं.

सिनेमा २५ जून १९८२ला लागला. 'ब्लेड रनर'ही त्याच दिवशी. दोनच आठवड्यांपूर्वी 'ई.टी.' आलेला, सगळा देश एका गोड परग्रहवासीयाच्या प्रेमात, लहान मुलं रडतायत, आईबाप डोळे पुसतायत. अशात पोट फाडून दात काढणारा पाहुणा कुणाला हवा होता? अमेरिकेत दोन कोटींच्या आतच गल्ला थांबला. त्यातला वाटा थिएटरवाल्यांचा, वर जाहिरातीचा खर्च, म्हणजे नुकसानच. न्यूयॉर्क टाइम्सच्या व्हिन्सेंट कॅन्बीनं त्याची कचऱ्यात गणना केली. एनिओ मोरिकोनेच्या संगीताला वर्षातल्या सर्वांत वाईट संगीताचं, रॅझी या थट्टेच्या पुरस्काराचं नामांकन मिळालं. कार्पेंटरच्या हातातला पुढचा सिनेमा, 'फायरस्टार्टर', काढून घेतला गेला.

मग झालं काय? कॅसेट आली. ऐंशीच्या दशकात भाड्याच्या दुकानांतून हा सिनेमा घरोघर गेला, आणि माझं मत असं की त्याचं नशीब रिवाइंडच्या बटणानं पालटलं. हा सिनेमा एकदा बघून संपतच नाही. कोण कधी बाधित झाला, कुत्र्याबरोबर त्या खोलीत भिंतीवर सावली कुणाची, रक्ताच्या पिशव्यांची किल्ली कुणाकडे होती. मागं जाऊन बघावंच लागतं. थिएटरात ती सोय नव्हती.

रक्ताच्या चाचणीचा प्रसंग घ्या. सगळे बांधून ठेवलेले, प्रत्येकाचं थोडं रक्त काचेच्या बशीत. सिनेमाचा नायक मॅक्रेडी तांब्याची तार ज्योतीवर तापवतो आणि एकेका बशीत बुडवतो. चुर्र आवाज, बाकी काही नाही. मग क्लार्कची पाळी, ज्याला त्यानंच थोड्या वेळापूर्वी गोळी घातली आहे. पुन्हा नुसतं चुर्र. म्हणजे क्लार्क माणूसच होता, आणि मॅक्रेडी खुनी; चाइल्ड्स हे तोंडावर सुनावतो. पुढची बशी पामरची. पण तार बुडवताना मॅक्रेडी बोलतोय गॅरीशी, कारण त्याचा सगळा संशय गॅरीवर आहे: तुला शेवटी बघतो. आपणही गॅरीच्या तोंडाकडे बघतोय. तेवढ्यात बशीतलं रक्त किंचाळून उडी मारतं. किती वेळा बघितलं तरी मी दचकतो, आणि दरवेळी जरा लाज वाटते.

पुढचं भराभर. 'क्रिस्टीन' (१९८३) सफाईदार, त्यापलीकडे काही नाही. 'स्टारमॅन' (१९८४) म्हणजे जणू 'ई.टी.'पुढं केलेला समझोता. जेफ ब्रिजेसला मात्र ऑस्करचं नामांकन मिळालं. 'बिग ट्रबल इन लिटल चायना' (१९८६) हा मस्त चावट सिनेमा पैशात आपटला आणि कार्पेंटर मोठ्या स्टुडिओंना विटला. त्यानं कमी पैसे, पण पूर्ण मोकळीक असा करार पत्करला. त्यातून 'प्रिन्स ऑफ डार्कनेस' (१९८७) आणि 'दे लिव्ह' (१९८८) निघाले.

'दे लिव्ह'मध्ये कुस्तीवाला रॉडी पायपर गॉगल घालतो आणि जाहिरातींच्या फलकांमागचे खरे हुकूम त्याला दिसतात: आज्ञा पाळ, विकत घे, झोपून राहा. एका गॉगलवरून गल्लीत दोन मित्र पाच मिनिटांहून जास्त वेळ एकमेकांना बडवतात. अमेरिकी अध्यक्ष रेगनच्या काळातल्या पैशाच्या माजावर केलेला हा सिनेमा पुढं कुणीही उचलून आपला झेंडा त्यावर लावू लागलं. ज्यूद्वेष्ट्यांनीही त्यावर हक्क सांगितला, तेव्हा २०१७ साली कार्पेंटरला स्वतः खुलासा करावा लागला की हा सिनेमा बेलगाम भांडवलशाहीबद्दल आहे.

नव्वदीत 'इन द माउथ ऑफ मॅडनेस' सोडला तर उतरणच. 'घोस्ट्स ऑफ मार्स' (२००१) चांगलाच आपटला, आणि त्यानंतर २०१०च्या 'द वॉर्ड'पर्यंत त्यानं मोठ्या पडद्यासाठी काही केलं नाही. मग गडी मुलाला हाताशी धरून संगीताचे अल्बम काढू लागला, दौरे करू लागला. २०१९ साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात तिथल्या दिग्दर्शकांच्या संघटनेनं त्याचा सन्मान केला. परगावचा मान, पुन्हा एकदा. दरम्यान रुंद टीव्ही घरोघर पोचले आणि कंडीच्या चौकटीच्या कापलेल्या कडा परत आल्या. दक्षिण ध्रुवावरच्या अमेरिकी तळावर हिवाळ्याआधीचं शेवटचं विमान गेलं की मागं राहिलेली मंडळी 'द थिंग' लावून बसतात.

तर माझा क्रम: 'द थिंग', मग 'हॅलोविन', मग 'दे लिव्ह'. चौथा 'असॉल्ट ऑन प्रिसिंक्ट १३'. पाचव्या जागी मी 'प्रिन्स ऑफ डार्कनेस' ठेवतो, त्यावरून मित्र 'एस्केप फ्रॉम न्यूयॉर्क'चं नाव घेऊन अंगावर येतात, येऊ देत. तळाला 'घोस्ट्स ऑफ मार्स'. तिथं भांडायला सहसा कुणी येत नाही.