ध्वनीच्या गणितातला ३४४ आणि १७.२ चा घोळ

वारंवारता गुणिले तरंगलांबी म्हणजे वेग, हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. अडतं ते हवेतल्या ध्वनीच्या वेगाच्या आकड्यापाशी. आई-वडिलांच्या वह्यांत ३३० किंवा ३४०, क्लासच्या नोट्समध्ये ३३२ आणि मुलांच्या नववीच्या पुस्तकात ३४४ मीटर प्रति सेकंद.

यातला ३३२ सर्वांत जुना. १७३८ साली पॅरिसच्या परिसरात रात्री तोफा डागल्या आणि जाळ दिसल्यापासून आवाज पोहोचेपर्यंतचा वेळ मोजला. त्यावरून शून्य अंश सेल्सिअससाठी हा आकडा निघाला. ध्वनीच्या वेगाचं न्यूटनचं १६८७ चं सूत्र मात्र जेमतेम २८० देत होतं, कारण ध्वनी जाताना हवेचं तापमान बदलत नाही असं त्यात धरलं होतं. १८१६ मध्ये लाप्लासने ते सुधारलं. दाबलेल्या थरातली उष्णता बाहेर पडायला वेळच मिळत नाही, म्हणून २८० ला १.४१ च्या वर्गमुळाने गुणायचं. अकरावीत हे सगळं येतंच.

३४४ हा २२ अंशांचा आकडा. शून्य अंशाला आता ३३१ धरतात आणि दर अंशाला साधारण ०.६ ची भर पडते. इथवर वादाला जागा नाही.

खरा वाद प्रतिध्वनीच्या अंतराचा, म्हणजे प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला अडथळा कमीत कमी किती दूर हवा याचा. ऐकलेल्या ध्वनीचं सातत्य मेंदूत ०.१ सेकंद टिकतं. तेवढ्या वेळात ध्वनी ३४.४ मीटर जातो. जाऊन परत यायचं म्हणून निम्मे, १७.२ मीटर. पुस्तकात हे अंतर २२ अंशांसाठीच काढलेलं आहे, पण पाठांतरात अंश गळतात आणि १७.२ तेवढा उरतो. मग ३४० धरून १७ लिहिणारं पोर चुकीचं ठरतं. हा त्या पोरावर अन्याय आहे. नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांना, वेग ३५८ च्या आसपास जातो आणि अंतर १७.९ होतं, शून्य अंशाला तेच साडेसोळाच्या जवळ येतं. शिवाय ०.१ सेकंद हा मुळातच ढोबळ आकडा, प्रत्येक कानाला तंतोतंत लागू पडणारा नव्हे. ढोबळ वेळेतून दशांशापर्यंत काटेकोर अंतर निघू शकत नाही. १७.२ हे उदाहरणाचं उत्तर आहे, निसर्गाचा स्थिरांक नाही, एवढं वर्गात ठासून सांगायला हवं.

शब्दांचाही गुंता आहेच. गतीच्या धड्यात ‘चाल’ आणि ‘वेग’ वेगळे शिकवतात. ध्वनीच्या धड्यात दिशा कोणी विचारत नाही, तरी म्हणायचं ‘वेग’च. हिंदी पुस्तकांत ‘ध्वनि की चाल’ असते. जुन्या मराठी लेखनात वारंवारतेला ‘कंप्रता’ म्हटलेलंही सापडतं.

प्रश्नात तापमानही नाही आणि वेगही नाही, अशी उदाहरणं अजून सर्रास दिसतात. तिथे पहिल्याच ओळीत ‘हवेतील ध्वनीचा वेग ३४४ मी/से धरून’ असं लिहावं आणि मगच निम्मे करायला घ्यावेत.