पार्श्वभूमी : कॅरिबियन रोटी शॉपमधलं पुडकं आलं कुठून?

त्रिनिदादची राजधानी पोर्ट ऑफ स्पेन असो, न्यूयॉर्कचं ब्रुकलिन असो की कॅनडातलं टोरोंटो, कॅरिबियन रोटी शॉपच्या काउंटरवरचे प्रश्न ठरलेले असतात. आत काय घालू, हाडासकट की बिनहाडाचं, आणि तिखट किती? मग मोठी मऊ रोटी कागदावर पसरतात, मधोमध बटाटा आणि काबुली चण्याचा दाट रस्सा, त्यावर मटण, कोंबडी किंवा कोळंबी, आणि चारही बाजू आत दुमडून चांगलं वजनदार पुडकं पुढे सरकवतात. ही रोटी गिरमिटिया, म्हणजे करारावर भारतातून नेलेल्या मजुरांनी तिकडे नेली हे सर्वांना ठाऊक आहे. पण पुडकं त्यांनी नेलेलं नाही. ते शंभर वर्षांचंही नाही, आणि त्याच्या जन्मावरून अजून वाद चालतो.

मजुरीचा काळ थोडक्यात सांगतो. 1845 ते 1917 या काळात 1.4 लाखांहून जास्त माणसं भारतातून त्रिनिदादला गेली. बहुतेक जहाजं कलकत्त्याहून सुटली, काही मद्रासहून. कोकणातली मराठी माणसं गेली ती मुख्यतः मॉरिशसला. तिथेही दाल पुरी रस्त्यावरचं खाणं झाली, पण तिथे ती जोडीने, घेवड्याचा रस्सा आणि चटणी लावून मिळते. त्रिनिदादच्या स्वयंपाकघरातले शब्द भोजपुरी राहिले : तवा, बेलना (लाटणं), लोया (पिठाचा गोळा), चोखा (भरीत), तरकारी.

तिथे मळ्यावरच्या घरात रोजची होती ती साधी रोटी. तिला आजही 'सादा' म्हणतात. डाळीची रोटी, म्हणजे धालपुरी, लग्नाकार्यातली. आपल्या पुरणपोळीची ही तिखटमिठाची बहीण. फक्त डाळ गाळ होईपर्यंत शिजवायची नाही. पिवळी वाटाण्याची डाळ नखाने तुटेल एवढीच उकडायची, निथळून कोरडी करायची आणि जिरं, लसूण, मिरची घालून भुरभुरीत दळायची. ओल राहिली तर रोटी लाटतानाच फाटते. नीट जमली तर तव्याएवढी होते, मऊ राहते आणि पातळ असूनही रस्सा धरून ठेवते. हा गुण नसता तर पुडकं बांधताच आलं नसतं.

आता वादाकडे. एक गोष्ट वारंवार सांगितली जाते : दुसऱ्या महायुद्धात त्रिनिदादमध्ये अमेरिकी तळ आले, सैनिकांना ताट घेऊन बसायला वेळ नव्हता, त्यांना सँडविचसारखं हातात धरून खाता येईल असं काही हवं होतं, म्हणून रोटीत रस्सा गुंडाळला गेला. ऐकायला छान आहे, आणि पर्यटकांना सांगायला तर फारच सोयीची. दुसरा दावा दक्षिणेतल्या सान फर्नांडोचा. तिथल्या एका रोटी शॉपमधल्या बाईंनी 1940 च्या दशकात प्रथम धालपुरीत रस्सा भरून विकला, असं तिथले लोक सांगतात. तिसरं म्हणणं असं की यात शोध कसला? ऊसतोडीला जाणारा माणूस पहाटे सादा रोटीत वांग्याचा चोखा किंवा भाजी गुंडाळूनच नेत असे.

तिसऱ्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते प्रश्न सोडवत नाही. कोरडी भाजी गुंडाळणं वेगळं आणि हाडासकट रस्सा गळू न देता बांधणं वेगळं. सैनिकांच्या गोष्टीवर मात्र माझा विश्वास बसत नाही. मोठे तळ होते चागुआरामसला, म्हणजे बेटाच्या वायव्य टोकाला, आणि पूर्वेकडे वॉलरफील्डला. सान फर्नांडो दक्षिणेत, तेल आणि साखरेच्या पट्ट्यात. जवळच पॉइंट-आ-पियेरचा तेल शुद्धीकरण कारखाना. पाळीवर जाणारा, खिशात रोख मजुरी असलेला, घरापासून लांब जेवणारा कामगार तिथे भरपूर होता. आणि हातात धरून खायची सवय अमेरिकेने लावली म्हणावं, तर 'डबल्स'चं काय? दोन तळलेल्या मऊ 'बऱ्यां'मध्ये, म्हणजे पुरीसारख्या चकत्यांमध्ये, चण्याचा रस्सा, कागदात गुंडाळून विकलेला. हे 1930 च्या दशकात प्रिन्सेस टाउनमध्ये सुरू झालं, तळ येण्याच्या कितीतरी आधी.

तळांनी केलं ते वेगळंच. मळे सोडून माणसं तिथल्या चांगल्या मजुरीवर गेली, रोख पैसा खेळू लागला आणि विकत घेऊन खाणं परवडू लागलं. इतकं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण लोया भरणाऱ्या, लाटणाऱ्या, तव्यावर दोन्ही बाजूंना तेल फिरवणाऱ्या बायकांची कल्पकता सैनिकांच्या भुकेच्या नावावर मांडणं मला अन्यायाचं वाटतं. रोटी शॉप म्हणजे बहुतेकदा घरातल्या बायकांच्या हाताला मिळालेलं दुकान होतं.

1962 ला देश स्वतंत्र झाला तरी शाळेत रोटीचा डबा उघडायला लाजणारी भारतीय वंशाची मुलं होती. 'कुली' ही शिवी त्या डब्याला चिकटलेली होती. रोटी शॉपने ती लाज हळूहळू पुसली, कारण तिथे रांगेत आफ्रिकी वंशाचे शेजारीही उभे होते. बऱ्याच दुकानांत गोमांस आणि डुकराचं मांस ठेवत नाहीत, म्हणून हिंदू आणि मुसलमान दोघांचीही सोय होते. याच काळात 'बस-अप-शट' दुकानात रुळली. हा थरांचा पराठा, तव्यावरच दोन लाकडी दाबल्यांनी, म्हणजे उलथन्यांनी, आपटून फोडलेला, फाटक्या शर्टासारखा, म्हणून हे नाव. त्यात काही बांधता येत नाही. रस्सा शेजारी घेऊन बुडवून खायचा.

अमेरिकेने 1965 मध्ये आणि कॅनडाने 1967 मध्ये स्थलांतराचे नियम बदलले आणि रोटी शॉप बेटाबाहेर पडलं. ब्रुकलिनमध्ये त्रिनिदादची चव राहिली, क्वीन्सच्या लिबर्टी अॅव्हेन्यूवर गयानाची. गयानाची रोटी तव्यावरून काढून हवेत उडवत टाळ्यांनी फोडतात. टोरोंटोत गोष्ट आणखी वळली : भारतातून थेट आलेल्या पंजाबी मालकांनी त्याच पुडक्यात बटर चिकन आणि पालक पनीर भरलं. जुन्या त्रिनिदादी गिऱ्हाइकांना ते रुचत नाही. डाळीचा थर नसलेल्या रोटीत गोडसर मलईचा रस्सा पाहिला की त्यांची तक्रार मला पटते. पण तिथे वाढलेल्या पिढीला रोटी म्हणजे तीच वाटते.

त्रिनिदादमध्ये दरम्यान सादा रोटी दुकानात आली आहे. भल्या पहाटे उघडणाऱ्या टपऱ्यांवर ती टोमॅटोच्या किंवा वांग्याच्या चोख्याबरोबर मिळते, आणि कामावर निघालेली माणसं गाड्या बाजूला लावून ती घेतात.