कोळीवाड्यातला तांडेल काळ्या पाण्याच्या जेलात कसा पोचला

जेलची भाषा म्हटलं की आपल्याला टपोरी शिव्या आणि भाईलोकांचे कोडवर्ड आठवतात, पण जुने शब्द बघायला गेलात तर बरेचसे सरकारी कागदावरून आणि बोटीवरून आलेले निघतात. अंदमानचंच बघा. तिथे वसाहत सुरू झाली मार्च १८५८ ला, पहिल्या खेपेत २०० कैदी. पहारेकरी पुरत नव्हते म्हणून जुन्या कैद्यांनाच नव्यांवर नेमायचे आणि त्यांची पदं होती पेटी अफसर, टिंडल, जमादार. पेटी अफसर म्हणजे पेटी ऑफिसर, नौदलातली पोस्ट, आणि टिंडल म्हणजे आपला तांडेल हो! पालघर, डहाणू, मुंबईच्या कोळ्यांत होडी ज्याच्या हुकमावर चालते तो तांडेल, आडनावंही आहेत त्यावरून. दक्षिणेतल्या भाषांतही हा शब्द आहे, इंग्रजांनी खलाशांच्या म्होरक्यासाठी उचलला आणि तो कैद्यांच्या टोळीच्या मुकादमालाही चिकटला. अंदमानच्या आधी सिंगापूरला १८२५ पासून हिंदुस्थानी कैदी पाठवत होते, तिथेही टिंडल होतेच. माझ्या मते बोटीतून माणसं न्यायची आणि बंदरात राबवायची म्हटल्यावर बोटीवरचीच उतरंड जेलात येणार ना.

सेल्युलर जेल नंतरचं, बांधकाम १८९६ ते १९०६. सावरकर ४ जुलै १९११ ला तिथे पोचले, थोरले भाऊ बाबाराव आधीपासूनच आत होते. गळ्यातल्या बिल्ल्यावर डी असेल तर तो डेंजरस कैदी. आणि तेलाचा कोलू, दिवसाला ३० पौंड तेल काढायचं. मराठीत खरं तर घाणा म्हणतात, पण त्या छळाबद्दल बोलताना आपण आजही कोलूच म्हणतो, घाणा म्हटलं तर गावचा तेली डोळ्यासमोर येतो. मला तर हा शब्द वाचला तरी पोटात कालवतं.

बंगाली, पंजाबी, मराठी, मद्रासी सगळे एका जागी कोंडलेले, एकमेकांशी बोलायचं तर मोडकीतोडकी हिंदुस्थानीच, आणि कैद्यांची लग्नं होऊन तिथेच संसार झाले तेव्हा तीच पोरांची घरातली भाषा झाली. त्यांच्या वंशजांना पोर्ट ब्लेअरमध्ये आजही लोकल बॉर्न म्हणतात. म्हणजे जेलची बोली एका अख्ख्या समाजाची मायबोली झाली, हे आपल्याकडे कुणी सांगतच नाही याचं वाईट वाटतं.

कायद्यातून काळं पाणी १ जानेवारी १९५६ पासून गेलं, त्याजागी आजन्म कारावास आला. तरी आपल्याकडे कोर्टाची बातमी वाचताना काळ्या पाण्याच्या काळचा जन्मठेप हाच शब्द वापरतात, आणि पोराला दम देताना म्हातारी माणसं अजून म्हणतात, असाच वागलास तर खडी फोडायला जाशील.